जुनाट हॉटेलातला शॉवर आणि फिलाडेल्फियाचं कोडं

परदेशातल्या कॉन्फरन्सला पहिल्यांदा जाणारा पीएचडीचा विद्यार्थी कुठल्या हॉटेलात उतरणार हे त्याची आवड ठरवत नाही, ट्रॅव्हल ग्रँट ठरवते. तिकीट, व्हिसा, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स यांत बहुतेक पैसे गेलेले असतात. उरलेल्यात जे मिळतं ते साधारण एकाच साच्याचं असतं. कधीकाळी दिमाखात उभी राहिलेली इमारत, दाराला पितळी मुठी, लिफ्टला जाळीचं दार, मधोमध झिजलेला गालिचा, कोपऱ्यात सुटत चाललेला भिंतीवरचा कागद. बाथरूममध्ये नळ उघडला की आधी खोकल्यासारखा आवाज येतो आणि मग कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी.

अशा खोलीचा फोटो पाठवून ज्युनिअर मंडळी ठरलेले तीन प्रश्न विचारतात. कुबट वास येतोय, काही होईल का? पाणी लालसर आहे, अंघोळ करू का? गादीत ढेकूण असतील का? माझं काम पाण्याच्या पाइपमधल्या बायोफिल्मवर आहे, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. गंमत अशी की या तिन्ही प्रश्नांत खरा धोका येतच नाही. तो ज्या गोष्टीचा आहे तिला रंग नाही, वास नाही, आणि ती शोधायला जगातल्या एका नावाजलेल्या सरकारी प्रयोगशाळेला जवळजवळ सहा महिने लागले होते. ती कथा संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावी अशी आहे, आणि ती घडली तीही एका उतरती कळा लागलेल्या हॉटेलातच.

आधी ते तीन प्रश्न पटकन संपवू. कुबट वास बहुतेक वेळा बुरशीच्या काही बाष्पशील रसायनांचा असतो. ओल्या मातीसारखा वास असेल तर त्यात जिओस्मिन असतं. मोठ्या प्रमाणावर ते स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तयार करतात, आणि माणसाचं नाक ते पाण्याच्या एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतकं कमी असलं तरी ओळखतं. म्हणजे वास खूप येतो याचा अर्थ पदार्थ खूप आहे असा होत नाही. दमा किंवा अॅलर्जी असेल तर खोली बदलून मागा, नाहीतर खिडकी उघडा. लाल पाणी म्हणजे लोखंडी पाइपचा गंज. पाणी साचून राहिलं की गंज उतरतो, दोन मिनिटं वाहू दिलं की बहुधा साफ होतं. (या गंजाकडे पुन्हा यायचं आहे, तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही.) ढेकूण चावतात, झोप घालवतात, बॅगेतून घरी येतात आणि घरच्यांचे शिव्याशाप मिळवून देतात, पण ते माणसांत रोग पसरवतात असा पुरावा नाही. गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसतात का बघा, बॅग जमिनीवर किंवा पलंगावर न ठेवता उंच रॅकवर ठेवा. झालं.

आता फिलाडेल्फिया.

ब्रॉड स्ट्रीट आणि वॉलनट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेल १९०४ मध्ये सुरू झालं. हजाराच्या वर खोल्या, संगमरवरी जिने, मोठाले नाचघर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष इथे उतरत. १९७० च्या दशकात मात्र त्याची रया गेली होती. नाव मोठं होतं, पण धंदा बसत चालला होता. जुलै १९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाल्याच्या उत्सवात, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचं अधिवेशन २१ ते २४ तारखांना इथे भरलं. मंडळी घरी परतली आणि काही दिवसांत आजारी पडू लागली. जोराचा ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं, न्यूमोनिया. ऑगस्ट उजाडेपर्यंत मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या.

इथे एक क्षण थांबा. हे सगळे लोक आजारी पडले ते आपापल्या गावी. एखाद्या गावातल्या डॉक्टरला दिसला असेल तो उन्हाळ्यात न्यूमोनिया झालेला एक वयस्कर माणूस. त्यात नवल काय? साथ आहे हे कळलं याचं कारण हे सगळे एकाच संघटनेचे, एकाच राज्यातले, एकमेकांच्या अंत्यविधीला जाणारे लोक होते. संघटनेच्या कार्यालयात एकामागून एक निधनाचे निरोप पोचले तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आकडा तयार झाला. हेच लोक जर निरनिराळ्या देशांतले पर्यटक असते तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. १९७३ मध्ये स्पेनमधल्या बेनिडॉर्मला पॅकेज टूरवर गेलेले स्कॉटलंडचे काही पर्यटक घरी परतल्यावर न्यूमोनियानं आजारी पडले, काही दगावले. तो आजार कोणता हे कळायला फिलाडेल्फियाचं कोडं सुटण्याची वाट पाहावी लागली.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्राची टीम डेव्हिड फ्रेझर यांच्या नेतृत्वाखाली तपासाला लागली. सगळ्यांच्या मनात पहिली भीती होती स्वाइन फ्लूची, कारण त्याच वर्षाच्या सुरुवातीला न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स लष्करी तळावर तो सापडला होता. तपासण्यांत ती शक्यता काही दिवसांतच बाद झाली. तरीही, फिलाडेल्फियाच्या धास्तीमुळेच, लस कंपन्यांना दाव्यांपासून संरक्षण देणारं अडकून पडलेलं विधेयक त्याच महिन्यात मंजूर झालं. म्हणजे ज्या आजाराचा फ्लूशी काही संबंध नव्हता त्यानं फ्लूचा कायदा पास करून घेतला. विज्ञान आणि राजकारण यांची घड्याळं वेगळी चालतात याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

फ्रेझर यांच्या टीमनं पहिलं काम काय केलं तर व्याख्या. कोणाला ‘रुग्ण’ म्हणायचं? १ जुलै ते १८ ऑगस्टच्या दरम्यान आजार सुरू झालेला हवा. खोकला आणि १०२ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप हवा, किंवा कितीही ताप आणि एक्स-रेमध्ये न्यूमोनिया. शिवाय तो माणूस अधिवेशनाला आलेला किंवा त्या हॉटेलात गेलेला हवा. हे वाचायला कंटाळवाणं वाटतं, मान्य. पण आपल्याकडे एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये हीच पायरी सर्रास गाळली जाते आणि मग व्हायव्हात पहिल्याच प्रश्नाला त-त-प-प होतं. कोण मोजायचं हे आधी न ठरवता किती हे सांगता येत नाही.

या व्याख्येचा एक गुण बघा. तिच्यात हॉटेल आहे, म्हणजे हॉटेलात न गेलेला माणूस आपोआप बाहेर राहतो. त्यामुळे हॉटेल दोषी आहे हे या यादीवरून सिद्ध करता येणार नाही, ते तर आपणच यादीत घातलं आहे! टीमला हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दुसरी यादी ठेवली: तसाच आजार झालेले, अधिवेशनाशी संबंध नसलेले, हॉटेलात न शिरलेले, पण त्याच्या एका ब्लॉकच्या परिसरातून गेलेले लोक. या आजाराला त्यांनी नाव दिलं ‘ब्रॉड स्ट्रीट न्यूमोनिया’. असे ३९ जण सापडले. हीच यादी पुढे फार मोलाची ठरली. हॉटेलातलं पाणी पिणाऱ्यांत आजार जास्त दिसत होता, त्यामुळे पिण्याच्या पाण्यावर संशय होता. पण ब्रॉड स्ट्रीटवरून नुसत्या चालत गेलेल्या माणसानं हॉटेलचं पाणी कुठे प्यायलं होतं? त्याच्यापर्यंत पोचू शकत होती ती हवा.

बाकीचे धागेही त्याच दिशेला जात होते. याच हॉटेलात मुक्काम केलेले प्रतिनिधी इतर हॉटेलांत उतरलेल्यांपेक्षा जास्त आजारी पडले. लॉबीत जास्त वेळ घालवलेल्यांना धोका जास्त होता. घरच्या माणसांना लागण झाली नाही, म्हणजे माणसाकडून माणसाकडे पसरत नव्हतं. आणि एक न जुळणारा तुकडा: हॉटेलचे कर्मचारी, जे रोज तिथेच वावरत, ते जवळजवळ सगळे ठणठणीत. १८२ रुग्ण, त्यांपैकी २९ मृत्यू, आणि ज्यांचा संपर्क सर्वांत जास्त तेच धडधाकट. तुमच्या डेटामध्ये असा बिंदू आला तर तुम्ही काय कराल? ‘आउटलायर’ म्हणून काढून टाकाल? त्यांनी तो तसाच ठेवला, उत्तर पुढे मिळालं.

दरम्यान प्रयोगशाळेत काहीच सापडत नव्हतं. नेहमीच्या माध्यमांवर जिवाणू वाढेनात, विषाणू मिळेना, बुरशी नाही. मग विषबाधेचे तर्क आले. काही फुप्फुसांच्या नमुन्यांत निकेल जास्त आढळलं, तेव्हा निकेल कार्बोनिलचा सिद्धांत बराच गाजला. नंतर आक्षेप आला की शवविच्छेदनाच्या धातूच्या अवजारांतूनच ते नमुन्यात उतरलं असावं. संसदेत सुनावणी झाली, सीडीसीवर टीका झाली. गिऱ्हाईक पळालं आणि १८ नोव्हेंबर १९७६ ला बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड बंद झालं. कारण अजून सापडलेलंच नव्हतं.

जोसेफ मॅकडेड हे सीडीसीमध्ये रिकेट्सिया गटाच्या जिवाणूंवर काम करत. त्यांच्याकडे प्रश्न मर्यादित होता: हा क्यू फीव्हर आहे का, एवढं तपासा. पद्धत ठरलेली. रुग्णाच्या फुप्फुसाचा अंश गिनिपिगला टोचायचा, तो आजारी पडला की त्याच्या प्लीहेचा अंश कोंबडीच्या अंड्यातल्या वाढत्या गर्भाच्या पिवळ्या बलकाच्या पिशवीत घालायचा, कारण रिकेट्सिया जिवंत पेशीतच वाढतात. अंड्यात इतर जिवाणू माजू नयेत म्हणून प्रतिजैविक घालायचं. ऑगस्टमध्येच त्यांना गिनिपिगच्या नमुन्याच्या स्लाइडवर क्वचित एखादा दांड्यासारखा जिवाणू दिसला होता. पण एकदोन दांडे म्हणजे बाहेरून आलेली भेसळ असणार, हे तेव्हाचं सर्वमान्य उत्तर. अंड्यात तर काहीच वाढलं नाही. निष्कर्ष: रिकेट्सिया नाही. काम संपलं.

वर्षाच्या शेवटी, नाताळ आणि नवीन वर्षाच्या मधल्या सुस्त दिवसांत, मॅकडेड पुन्हा त्याच स्लाइड काढून बसले. नाताळच्या एका पार्टीत कुणीतरी त्यांना शास्त्रज्ञांच्या अपयशाबद्दल सुनावलं होतं, ते त्यांच्या मनात राहिलं असं ते पुढे सांगत. या वेळी त्यांनी एक स्लाइड फील्डमागून फील्ड अशी शेवटपर्यंत पाहिली. एका ठिकाणी दांड्यांचा पुंजका होता. भेसळीचे जिवाणू विखुरलेले असतात. एके जागी गर्दी म्हणजे वाढ झाली असण्याची शक्यता. त्यांनी अंड्यांचा प्रयोग पुन्हा केला, पण प्रतिजैविक न घालता. अंडी संसर्गानं मेली, आणि त्यांच्यात ते दांडे भरलेले होते.

म्हणजे आधीच्या प्रयोगात जिवाणू ‘नव्हते’ याचं कारण प्रयोगानंच त्यांना मारलं होतं. प्रतिजैविक हा पद्धतीतला इतका सवयीचा भाग होता की तो घटक म्हणून कुणाच्या नजरेतच येत नव्हता. तुमच्या प्रोटोकॉलमध्येही अशी एखादी ओळ नक्की असेल: सीनिअरनं लिहिली म्हणून चालू आहे आणि नेमकी कशासाठी आहे ते आता कुणाला आठवत नाही.

पण अंड्यात जिवाणू वाढला म्हणजे तोच आजाराचं कारण असं होत नाही. इथे मला त्या लोकांचं खरं कौतुक वाटतं. त्यांनी रुग्णांच्या रक्ताचं सीरम घेतलं आणि त्यात या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का ते फ्लुरोसन्सच्या चाचणीनं पाहिलं. आजाराच्या सुरुवातीचं आणि बरं होतानाचं सीरम तुलना केली तर प्रतिपिंडं वाढलेली दिसली. १११ रुग्णांपैकी १०१ जणांत निदान करण्याइतकी वाढ होती. १८ जानेवारी १९७७ ला घोषणा झाली. दोन्ही पेपर, फ्रेझर यांचा आणि मॅकडेड यांचा, डिसेंबर १९७७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात आले. ते दोन्ही जोडीनं वाचा. एक मैदानातून त्याच जागी पोचतो, दुसरा सूक्ष्मदर्शकातून.

मग फ्रीझर उघडले गेले. सीडीसीत न सुटलेल्या जुन्या साथींची सीरम जपून ठेवलेली होती. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयातली १९६५ ची न्यूमोनियाची साथ, आणि मिशिगनच्या पाँटियाकमधली १९६८ ची तापाची साथ, जिथे आरोग्य खात्याच्याच इमारतीत जवळजवळ सगळे कर्मचारी आजारी पडले होते. दोन्हींत याच जिवाणूची प्रतिपिंडं निघाली. त्याच बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्डमध्ये १९७४ साली भरलेल्या दुसऱ्या एका संघटनेच्या अधिवेशनातल्या न्यूमोनियाचंही कोडं उलगडलं. आणि कर्मचारी? त्यांच्यातल्या अनेकांच्या रक्तात प्रतिपिंडं होती. जिवाणू त्या परिसरात दोनेक वर्षं अधूनमधून असावा आणि रोज वावरणाऱ्यांना प्रतिकारशक्ती आली असावी. काढून न टाकलेला बिंदू असा कामी आला. १९४७ साली गोठवून ठेवलेला एक ‘रिकेट्सियासारखा’ जिवाणूही पुढे हाच निघाला. म्हणजे तो तीस वर्षं बाटलीत बसून होता. १९७९ मध्ये त्याला अधिकृत नाव मिळालं: लीजनेला न्यूमोफिला.

हॉटेलशी याचा संबंध काय

लीजनेला गोड्या पाण्यात सगळीकडे असतो, नदीत, तळ्यात, ओल्या मातीत. थोडासा असला तर काही होत नाही. प्रश्न संख्येचा आणि फवाऱ्याचा आहे. २० अंश सेल्सिअसच्या खाली तो जवळजवळ वाढत नाही, साधारण २५ ते ४५ मध्ये मजेत वाढतो, ६० च्या वर फार टिकत नाही. म्हणून हॉटेलांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: गरम पाणी ६० अंशांवर साठवा, नळाला किमान ५० नं येऊ द्या, थंड पाणी २० च्या खाली ठेवा. आता उतरती कळा लागलेल्या हॉटेलची कल्पना करा. इंधन महाग, म्हणून बॉयलरचं तापमान उतरवलेलं. अर्ध्या खोल्या रिकाम्या, त्यांच्या पाइपमधलं पाणी आठवडेच्या आठवडे हललेलं नाही. शंभर वर्षांत चार वेळा प्लंबिंग बदललं, जुने पाइप काढले नाहीत, नुसते टोकाला बंद केले. पाणी शिरतं पण बाहेर पडत नाही असे हे बोळ. आणि आता तो गंज. लोखंड लीजनेलाला वाढीसाठी लागतं, प्रयोगशाळेत त्याच्या माध्यमात लोह आणि सिस्टीन हे अमिनो आम्ल मुद्दाम घालावं लागतं. शिवाय गंजणारा पाइप पाण्यातला क्लोरीन खातो. तेव्हा लाल पाणी स्वतः विष नसलं तरी ‘इथे पाणी साचतं आणि क्लोरीन टिकत नाही’ असं ते सांगत असतं.

क्लोरीन असला तरी लीजनेलाला लपायला जागा आहे. पाइपच्या आतल्या भिंतीवर बायोफिल्मचा बुळबुळीत थर असतो. त्यात अमिबा चरतात, जिवाणू गिळतात. १९८० मध्ये इंग्लंडच्या लीड्समधल्या टिमथी रोबोथम यांनी दाखवलं की लीजनेला अमिबाच्या पोटात पचत नाही, उलट तिथेच वाढतो आणि अमिबा फोडून बाहेर पडतो. आपल्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशीही जिवाणू गिळून पचवायचं काम करतात, म्हणजे लीजनेलाच्या दृष्टीनं तो आणखी एक अमिबाच. मॅक्रोफेजच्या आत गेल्यावर तो तीनशेहून जास्त प्रथिनं पेशीत सोडतो आणि पचनाची व्यवस्था आपल्याकडे वळवतो. तो माणसासाठी घडलेला रोगजंतू नाहीच. माणसाकडून माणसाकडे संसर्गाची एकच संभाव्य घटना, २०१४ च्या पोर्तुगालमधल्या साथीतली, नोंदली गेली आहे. आपण त्याच्यासाठी बंद गल्ली आहोत. ही गोष्ट इतकी सुंदर आहे की मी हिच्यावर स्वतंत्रपणे लिहिणार आहे, इथे आवरतं घेतो.

पेशीच्या आत लपल्यामुळे औषधाचाही प्रश्न येतो. पेनिसिलिन आणि सेफलोस्पोरिन गट इथे चालत नाहीत. पेशीत शिरणारी अझिथ्रोमायसिनसारखी मॅक्रोलाइड किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखी फ्लुरोक्विनोलोन लागतात. १९७६ मध्येही कारण माहीत नसताना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं होतं.

एक गैरसमज मात्र करून घेऊ नका. जुनं म्हणजे धोक्याचं आणि चकचकीत म्हणजे सुरक्षित, असं अजिबात नाही. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये मोठी साथ आली, १३८ रुग्ण आणि १६ मृत्यू. स्रोत निघाला एका हॉटेलचा कूलिंग टॉवर, आणि ते हॉटेल जुन्या नाट्यगृहाच्या इमारतीत दोनच वर्षांपूर्वी नव्यानं थाटलेलं होतं. फवारा उडवणारं कोमट पाणी आणि ढिसाळ देखभाल, एवढं पुरेसं असतं. ते महागड्या स्पामधल्या जाकुझीतही असू शकतं. गालिच्यावरचे डाग देखभालीचा अंदाज देतात, पाण्याचं तापमान देत नाहीत.

आता खोलीत शिरल्यावर करायचं काय? पंचविशीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या, निरोगी माणसाला धोका खूपच कमी आहे. पन्नाशीपुढचे, सिगारेट ओढणारे, मधुमेह किंवा फुप्फुसाचा आजार असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांना तो जास्त. (तुम्ही तरुण असाल, पण त्याच हॉटेलात शेजारच्या खोलीत तुमचे गाईड उतरलेले असतात, हे ध्यानात असू द्या.) बॅग ठेवली की शॉवरचं डोकं हातात धरून खाली टबच्या तळाशी न्या किंवा टॉवेलात गुंडाळा, म्हणजे फवारा उडणार नाही. गरम पाणी पूर्ण सोडा, बाथरूमचं दार ओढून घ्या आणि पाचेक मिनिटं बाहेर थांबा. मग थंड नळही सोडा. गरम पाणी इतक्या वेळानंतरही नुसतं कोमटच येत असेल तर रिसेप्शनवर सांगा आणि दुसरी खोली मागा, शक्यतो लोकांची वर्दळ असलेल्या मजल्यावर. ते जमलं नाही तर बादली किंवा मोठं भांडं मागून घ्या. तांब्यानं अंगावर घेतलेल्या पाण्याचे बारीक तुषार शॉवरच्या मानानं फारच कमी उडतात, आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात ते पाच मायक्रोमीटरहून लहान थेंबच. खोलीत ह्युमिडिफायर असेल तर त्यात नळाचं पाणी घालू नका.

आजार दिसायला साधारण २ ते १० दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे तोवर तुम्ही पुण्यात किंवा नागपुरात परतलेले असता, आणि पावसाळा असेल तर डॉक्टर आधी डेंग्यू, फ्लू, मलेरिया यांच्याकडे बघतील, जे योग्यच आहे. ताप, कोरडा खोकला, त्यासोबत जुलाब किंवा थोडं गोंधळल्यासारखं होत असेल तर प्रवास केला होता एवढंच सांगू नका. कोणत्या तारखांना कोणत्या हॉटेलात होतो तेही सांगा. युरोपात हॉटेलांशी जोडलेल्या रुग्णांची माहिती देशादेशांत वाटून घेणारी यंत्रणा आहे. दोन वर्षांच्या आत एकाच ठिकाणी राहिलेले दोन रुग्ण सापडले की त्याला समूह मानून त्या हॉटेलची तपासणी होते. बेनिडॉर्मच्या वेळी असं काही नव्हतं.

लघवीची अँटिजन चाचणी जलद होते, पण ती मुख्यतः न्यूमोफिलाच्या सीरोगट १ ला पकडते. निगेटिव्ह आली म्हणजे लीजनेला नाही असं नव्हे. शिवाय रुग्णातला जिवाणू आणि हॉटेलच्या पाण्यातला जिवाणू एकच आहे का हे जनुकीय तुलनेनं दाखवायचं तर थुंकीच्या नमुन्यातून तो वाढवावा लागतो, आणि तो नमुना शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यावा लागतो. बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्डच्या बाबतीत ही तुलना कधीच करता आली नाही. त्या इमारतीतून जिवाणू शेवटपर्यंत मिळाला नाही. वातानुकूलन यंत्रणेवर संशय आजही आहे, पण फ्रेझर यांच्या पेपरमध्ये स्रोत सापडला नाही असंच छापलेलं आहे.